अवधान कोठे होते?

कीर्तनाला उभे राहिले की वक्त्याने पहिले मागणे मागायचे ते अवधानाचे. माऊलींनीही नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपाशी अवधानच मागितले आहे. आम्ही चाळीस वर्षांवर टाळ-पखवाजाच्या संगतीने उभे राहत आलो आणि दर वेळी हेच मागणे श्रोत्यांपुढे ठेवीत आलो. श्रोत्यांनीही ते उदार मनाने दिले. परंतु वक्त्याचे अवधान कोठे असते, हे त्याला कोणी विचारीत नाही, आणि तोही स्वतःला विचारीत नाही. गेल्या कार्तिकात हा प्रश्न आमच्यापुढे आला. तो एका सत्तरीच्या मावशीने आणला, आणि तोही तक्रार म्हणून नव्हे, सहज बोलता बोलता.

प्रसंग असा. नवी मुंबईत सानपाड्यास सप्ताह होता आणि एकादशीची सेवा आमच्याकडे होती. वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणारी सातारा-सांगलीकडची माथाडी मंडळी, जुन्या गावठाणातील आगरी-कोळी माळकरी, इमारतींतून उतरलेले नोकरदार, असा भरगच्च समाज मांडवात बसला होता. टाळकरी तयारीचे होते. निरूपण रंगले. पहिल्या रांगेत, आमच्यापासून दोन हातांवर, हिरव्या लुगड्यातील एक मावशी बसल्या होत्या. त्यांची मान डोलत होती. आम्हांस वाटले, मावशी रंगल्या. असा श्रोता समोर असला म्हणजे वक्त्याला भरते येते. त्यांच्याकडे पाहतच आम्ही दोन दृष्टांत वाढविले. इतक्यात पाठीमागच्या टाळकऱ्यांतील एक पोरगा टाळ खाली ठेवून पुढे धावला आणि त्याने मावशींना सावरले. अंग घामाने भिजलेले, ओठ पांढरे पडलेले. मधुमेहाची गोळी घेतलेली आणि वर एकादशीचा कडकडीत उपास; अंगातली साखर उतरली होती. कोणी साखरपाणी पाजले, डॉक्टरांना बोलावले, आणि पांडुरंगाच्या कृपेने अर्ध्या तासात मावशी उठून बसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी समाचारास गेलो. मावशी म्हणाल्या, "महाराज, मला लई येळ कसंतरी हुत हुतं बघा. उठून जावं म्हनलं. पन तुमी सारखं माझ्याकडंच बघत हुता. मधनंच उठलं तर बरं दिसंना, म्हनून बसले."

वाचकहो, हे ऐकून आम्ही चहाचा पेला खाली ठेवला. आमची नजर त्यांच्यावर होती हे खरे. त्यांनी स्वतः ते पाहिले. आणि आम्ही त्यांना पाहिले नाही, हेही तितकेच खरे. आमच्या नजरेच्या भिडेने त्या बसून राहिल्या, आणि त्या नजरेत मात्र त्यांच्यासाठी जागा नव्हती. मग आम्ही पाहत होतो ते काय? आणि जे डोळ्यांसमोर असून दिसले नाही, त्याचा दोष माणसाकडे येतो की येत नाही? या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे.

डोळा उघडा असला म्हणजे दिसते, असा आपला समज. परंतु बृहदारण्यक उपनिषदात याचा निकाल फार पूर्वीच लागला आहे. माझे मन दुसरीकडे होते म्हणून मला दिसले नाही, मन दुसरीकडे होते म्हणून ऐकू आले नाही, हा लोकांच्या तोंडचा रोजचा अनुभव तेथे पुढे केला आहे आणि त्यावरून सांगितले आहे की माणूस पाहतो तो मनाने. आम्ही पाठशाळेत हे घोकले. पण मन दुसरीकडे जाते म्हणजे नेमके काय होते, ते आम्हांस एका श्रोत्याच्या कन्येने समजावून दिले. ही मुलगी मज्जाशास्त्राचा अभ्यास करते. मावशींचा प्रसंग तिला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "महाराज, तुमचा डोळा चुकला नाही. डोळ्याच्या मागे डोक्यात एक ताल चालतो, त्याची ही गोष्ट आहे." ताल म्हटल्यावर आम्ही कान टवकारले. तिने जे सांगितले ते आमच्या भाषेत सांगतो.

जर्मनी देशात येना या गावी हान्स बर्गर नावाचे एक मनोविकारांचे वैद्य होते. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या चाकाखाली जाता जाता वाचले. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली, ख्यालीखुशाली विचारणारी. कारण दूर गावी असलेल्या बहिणीच्या मनाने घेतले होते की भावावर काही संकट आहे. मन मनाला कसे कळविते, या शोधाने त्या गृहस्थाला जन्मभर झपाटले. १९२४ साली त्यांनी माणसाच्या मस्तकातून उठणारे अति सूक्ष्म विद्युत्-स्पंदन यंत्रावर टिपले आणि १९२९ साली ते प्रसिद्ध केले. मनाने मनाला कळविण्याची गोष्ट त्यांना सापडली नाही. सापडले ते वेगळेच. स्वस्थ बसून डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला सुमारे दहा वेळा असा एक संथ ठेका चालतो. डोळे उघडून पाहू लागले की तो ओसरतो. याला त्यांनी 'अल्फा' असे नाव दिले. प्रथम पुष्कळांनी त्यांना हसण्यावारी नेले. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा जगाला पटले. योगायोग असा की १९२४ याच साली आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाची शास्त्रीय तपासणी आरंभिली. एकाच वर्षी दोन ठिकाणी माणूस आपल्या मनाला यंत्राच्या काट्यावर धरू पाहत होता.

आरंभी विद्वानांना वाटे की अल्फा म्हणजे मेंदूची विश्रांती. गाडी उभी, इंजिन चालू. पुढे कळले की गोष्ट त्याहून खोल आहे. माणसाला डोळे न हलविता केवळ मनाने उजवीकडे लक्ष ठेवावयास सांगितले, तर उजवीकडचे दृश्य ज्या डाव्या अर्धगोलात जाते तेथील अल्फा ओसरतो, आणि ज्या बाजूकडे लक्ष द्यावयाचे नाही तिच्या अर्धगोलात तो अधिक जोर धरतो. म्हणजे हा ठेका नुसता विसावा नव्हे, ते कवाड आहे. जे नको त्याच्यावर ते लोटले जाते. डोळ्यांतून दृश्य आत येतच असते, पण पुढे त्याला वाट मिळत नाही. याउलट जेथे लक्ष आहे तेथील मज्जापेशी एका लयीत, जलद गतीने वाजू लागतात. २००१ साली पास्काल फ्रीस आणि त्यांचे सहकारी यांनी माकडांवरील प्रयोगात हे दाखविले. या जलद लयीला 'गॅमा' म्हणतात. शंभर टाळकरी आपापल्या मनाने वाजवू लागले तर नुसता गलबला होतो. तेच एका लयीत आले की नाद मैलभर जातो. पेशी त्याच, पण त्या जुळून वाजल्या म्हणजे त्यांचा निरोप पुढे पोचतो. ज्याच्याकडे लक्ष त्याला टाळकऱ्यांची साथ. ज्याच्याकडे नाही त्याच्यावर कवाड.

बाजारातील आमच्या माथाडी श्रोत्यांना हे पटकन समजले. एक जण म्हणाला, "महाराज, पाठीवर पन्नास किलोचं पोतं असलं की मला फकस्त पुढची चार पावलं दिसत्यात. समोरून सख्खा भाऊ गेला तरी दिसायचा न्हाई." त्याला दोष कोण देईल? पोते घेऊन चालणाऱ्याने पावलेच पाहावीत. कवाड लोटले जाते ते बऱ्याच वेळा माणसाच्या रक्षणासाठीच. जगातले सगळे दृश्य एकदम आत शिरले, तर माणसाला पाऊल टाकता येणार नाही.

आता यापुढची गोष्ट आम्हांस अधिक नवलाची वाटली. ज्या एका ठिकाणी आपण लक्ष रोखून धरले आहे, तेथेही ते अखंड टिकत नाही. २०१३ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात सबीने कास्टनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना एका जागी लक्ष ठेवावयास सांगून तेथे अंधुक बदल केले. ते बदल ओळखण्याची शक्ती लाटेप्रमाणे चढते आणि उतरते, सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा, असे त्यांना आढळले. २०१८ साली त्याच मंडळींनी सांगितले की या लाटेच्या एका भागात मेंदू धरलेल्या वस्तूला घट्ट धरतो, आणि दुसऱ्या भागात पकड सैल होते, तेव्हा त्याला दुसरीकडे वळणे सोपे जाते. या लयीला 'थीटा' म्हणतात. सर्वच विद्वानांना हे मान्य आहे असे नाही. २०२२ साली ब्रूकशायर नावाच्या संशोधकांनी दाखवून दिले की अशा प्रयोगांच्या गणितात जी लय दिसते, ती लय नसलेल्या साध्या चढउतारातूनही भासू शकते. वाद चालू आहे. पण लक्षात चढउतार असतो, याबद्दल दोन्ही पक्षांत तंटा नाही. तंटा आहे तो चढउतार तालात आहे की बेताल आहे, एवढ्यापुरता.

आमच्यासारख्या न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाला येथे आपल्या गुरुजींची आठवण न झाली तरच नवल. गौतममुनींनी मनाचे लक्षणच असे सांगितले की एका वेळी अनेक ज्ञाने उपजत नाहीत, यावरून मन आहे हे ओळखावे. डोळा, कान, नाक सगळी एकदम उघडी असताना ज्ञान एका वेळी एकाचेच होते, त्या अर्थी मध्ये कोणी तरी एक लहानसा कारभारी आहे. तो अणुएवढा आहे आणि ज्या इंद्रियाशी तो जुळेल त्याचेच ज्ञान होते. यावर पूर्वपक्ष उठतो की कुरकुरीत लांब शष्कुली खाताना तिचा रंग, वास, चव, स्पर्श आणि कुडकुड आवाज, पाचही एकदम कळतात, त्याचे काय? उत्तर असे की ते एकदम नव्हे, अति वेगाने एकामागून एक कळतात. वेगामुळे एकदम झाल्याचा भास होतो. जळते कोलीत गरगर फिरविले म्हणजे अग्नीचे अखंड कडे दिसते. वास्तविक तेथे कडे नाही, एक ठिणगी आहे आणि तिची धाव आहे. आमचे गुरुजी हे शिकविताना दिवाळीतील फुलबाजी फिरवून दाखवीत.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आमच्या ऋषींना मेंदूचे ताल ठाऊक होते, असे आम्ही म्हणणार नाही. नैयायिकांचे अणुमन आणि शास्त्रज्ञांचा थीटा ठेका ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते विचाराने शोधीत होते, हे यंत्राने शोधतात. आणि नैयायिकांचे मन एका इंद्रियावरून दुसऱ्यावर धावते, तर यांचे लक्ष एकाच दृश्यात येरझारा घालते. उगाच आपली पताका दुसऱ्याच्या कळसावर लावण्यात भूषण नाही. पण दोघांच्या बोलण्यातून साधकाच्या कामाची एक गोष्ट निघते. आपण जिला अखंड पाहणे म्हणतो ती एक फिरती ठिणगी आहे. मध्ये मध्ये अंधार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पूर्वपक्ष असा: मेंदूचा ठेका जर असा आपोआप चढतो-उतरतो, कवाड आपोआप लोटले जाते, तर न दिसण्याचा दोष माणसाकडे कसा? पाऊस पडला नाही म्हणून शेतकऱ्याला का दंड करावा? मावशी तुम्हांस दिसल्या नाहीत, हा तुमच्या मज्जापेशींचा खेळ. तुम्ही खुशाल झोपा. हा पूर्वपक्ष गोड आहे. आम्हीही दोन दिवस त्याच्या उशीवर डोके ठेवून पाहिले. झोप आली नाही.

का आली नाही? कारण कवाड आपोआप लोटले जाते हे खरे, पण ते कोणावर लोटावयाचे ही वर्दी आधी कोणी तरी दिलेली असते. प्रयोगातील माणसाला 'उजवीकडे लक्ष ठेव' असे सांगितले होते, म्हणून डावीकडे कवाड लागले. १९९९ साली अमेरिकेत सायमन्स आणि शाब्री या दोन विद्वानांनी लोकांना एक चित्रफीत दाखविली. काही माणसे एकमेकांकडे चेंडू टाकीत आहेत. पांढऱ्या सदऱ्यांच्या गटाने किती वेळा चेंडू टाकला, ते मोजावयाचे. मध्येच गोरिलाचे सोंग घेतलेला एक मनुष्य त्या खेळातून चालत येतो, छाती बडवितो आणि निघून जातो. मोजणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही! डोळे आंधळे नव्हते, मोजणे चालू होते. सांगितलेले काम त्यांनी चोख केले, आणि त्या चोखपणानेच त्यांच्या डोळ्यांवर पडदा ओढला.

मग आम्ही त्या संध्याकाळी काय मोजीत होतो? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर आम्ही माना मोजीत होतो. कोण डोलते, कोण उठून जाते, कोणाच्या डोळ्यांत पाणी येते. मावशींची मान डोलली, ती आमच्या हिशेबात एक जमा झाली; आणि एकदा जमा झाल्यावर त्या मानेखालचा घाम पाहण्याचे आम्हांस कारण उरले नाही. त्या क्षणी आम्हांस दिसले नाही, हा देहाचा धर्म. पण समोरचा माणूस म्हणजे आपल्या निरूपणाची पावती, हा संकल्प आमचा होता, आणि तो त्या संध्याकाळचा नव्हता. तो चाळीस वर्षांचा होता. ज्या पोराला दिसले तो आमच्यापेक्षा ज्ञानी होता असे नव्हे. तो काही मोजीत नव्हता.

तात्पर्य, दोष चुकलेल्या क्षणात नाही. दोष आहे तो आपण कवाडाला जी वर्दी देऊन ठेवतो तीत. क्षण आपल्या हाती नाही. वर्दी आपल्या हाती आहे. पामबीच मार्गावर गाडी हाकणारा मनुष्य म्हणतो, "अहो, तो स्कूटरवाला दिसलाच नाही हो!" तो खोटे बोलत नसेल. पण मांडीवरचा मोबाईल उजळला की पाहावयाचा, ही वर्दी त्याने घरून निघतानाच आपल्या मनाला दिली होती. न दिसण्याचा निवाडा रस्त्यावर होतो; त्याचे बी घरी पेरलेले असते.

आणि ही वर्दी एकट्या माणसाचीच असते असेही नाही, सबंध समाजाची असते. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. पिढ्यान् पिढ्या लोक तिच्याजवळून आत गेले, डोळे उघडे ठेवून गेले, आणि ज्यांना आत येता येत नव्हते ते त्यांना दिसले नाहीत. दुष्ट होते म्हणून नव्हे. त्यांतले कित्येक आमच्या-तुमच्याहून भाविक होते. पण कवाडाला वर्दी होती. १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी दहा दिवस अन्न वर्ज्य केले, तेव्हा मंदिराचे दार हरिजनांस उघडले. अन्न सोडून गुरुजींनी काय केले? लाकडाचे दार उघडण्याआधी लोकांच्या डोळ्यांमागचे कवाड ठोठावले. न दिसण्याचे पाप असे सज्जनांच्या हातूनही घडते, म्हणून त्याची चौकशी सज्जनांनीच आधी केली पाहिजे.

आता दुसरा पूर्वपक्ष, आणि हा घरचा आहे. कोणी म्हणेल, महाराज, तुम्ही तर एकाग्रतेचीच निंदा चालविली! बाहेरचे काही दिसू नये, हीच तर ध्यानाची खूण. वारा नसलेल्या जागी दिव्याची ज्योत हलत नाही, असा दृष्टांत भगवंतांनी गीतेत दिला आहे. यावर शास्त्रज्ञांचीही साक्ष आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि बलदेव सिंग या डॉक्टरांनी योग्यांच्या मेंदूचे आलेख घेऊन १९६१ साली प्रसिद्ध केले. समाधी लावून बसलेल्या योग्यासमोर प्रकाश केला, आवाज केला, तरी त्याचा अल्फा ठेका मोडला नाही. एरवी साधा माणूस असता तर तो तत्काळ मोडला असता. म्हणजे कवाड इतके पक्के की बाहेरच्याला टकटक करण्याचीही सोय नाही.

त्या योग्यांना आमचा दंडवत. पण वारकऱ्याचा आदर्श कोण? पुंडलिक. तो आईबापांचे पाय चेपीत बसला होता. त्याचे लक्ष उडालेले नव्हते. प्रत्यक्ष परमात्मा दारी आला तरी तो हातातले पाय सोडून उठला नाही. याहून मोठी एकाग्रता कोणती? पण ध्यानात घ्या, दारी कोणी आले आहे हे त्याला दिसले! दिसले म्हणून तर त्याने वीट पुढे टाकली. सेवेवरचे लक्ष ढळले नाही आणि आलेल्यासाठी पाय ठेवावयास जागाही झाली. योग्याची एकाग्रता कवाड लावून घेते. पुंडलिकाची एकाग्रता कवाड अर्धे उघडे ठेवते. आपला सगळा संप्रदाय त्या विटेवर उभा आहे. देव गुहेत सापडला असे आपण म्हणत नाही. कामात गढलेल्या माणसाने मान वळवून पाहिले म्हणून देव सापडला, असे म्हणतो.

आणि येथेच तो लाटेचा शोध आम्हांस उपयोगी पडतो. पखवाजाच्या ठेक्यात जशी सम असते तशी खालीही असते. खालीच्या मात्रेवर हात हलका पडतो, म्हणून ताल मोडला असे कोणी म्हणत नाही. खाली हा तालाचाच भाग. लक्षाचेही जर तसे असेल, तर पकड सैल होण्याचा तो क्षण शत्रू नव्हे. त्याच क्षणी पुंडलिकाला दार दिसले असेल. टाळामुळे मेंदूचा ठेका बदलतो, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्याचा आमच्यापाशी आधार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की टाळ हातात धरणाऱ्याला जी गोष्ट मनगटाने कळते, ती मनाच्या बाबतीत त्याने विसरू नये: खालीवरून समेवर परत यावयाचे असते.

कित्येक साधक येऊन रडतात, "महाराज, जप करताना मन पळतं. माझ्याच्यानं व्हायचं नाही." त्यांना आता आम्ही सांगतो, बाबांनो, शास्त्रज्ञ म्हणतात की अंधुक ठिपक्याकडे पाहताना सुद्धा लक्ष सेकंदाला कितीदा तरी सुटते. पळणे हा मनाचा स्वभाव, त्याचे प्रायश्चित्त नको. ते परत कोठे येते एवढे पाहा. सुटलेले लक्ष जर दर वेळी आपल्या मानपानाशी परत येत असेल, तर माळ हजार वेळा ओढली तरी ती आपलीच माळ. आणि जर ते नामाशी, किंवा समोरच्या जिवाशी परत येत असेल, तर सुटण्याची भीती बाळगू नये.

आषाढीला माणूस आळंदीहून, देहूहून चालत पंढरीस जातो. वाटेत ऊन-पाऊस, पायाला फोड, मग दर्शनबारीत तासन् तास उभे राहणे. आणि अखेर देवाच्या पायांवर डोके टेकवावयास किती वेळ मिळतो? दोन सेकंद. "चला माऊली, पुढं चला!" आणि आपण बाहेर. शास्त्रज्ञांचा तो हिशेब खरा धरला, तर दोन सेकंदांत लक्षाच्या आठ ते सोळा लाटा येऊन जातात. त्यांतली एखादी चपला कोठे ठेवल्या तेथे जाते, एखादी मागच्याच्या धक्क्याकडे जाते, एखादी खिशातल्या पाकिटाकडे. जाऊ द्या. उरलेल्यांतली एक जरी त्या समचरणांवर पडली, तरी वारी पोचली. पण ती एक लाट तेथे पडावी, याची तयारी मात्र त्या दोन सेकंदांत होत नाही. ती पंधरा-वीस दिवसांच्या वाटचालीत होते. पुढच्याच्या पायाला ठेच लागली ती दिसली का, मागे राहिलेल्या म्हातारीच्या डोक्यावरचे ओझे दिसले का, यावर कवाडाला वर्दी दिली जात असते. वाटेत ज्याला कोणी दिसले नाही, त्याला गाभाऱ्यात एकदम देव दिसेल, असे आम्हांस वाटत नाही.

आम्ही आमच्यापुरता एक पालट केला आहे, तो सांगून थांबतो. कीर्तनाला उभे राहिल्यावर अवधान मागण्यापूर्वी आम्ही एकदा डावीकडून उजवीकडे मांडवभर पाहतो. कोण डोलेल हे हेरण्यासाठी नव्हे. कोणाला बसणे जड जाते आहे, कोणाचे पोर रडते आहे, कोणाला भिंतीचा आधार हवा आहे, एवढे पाहतो. आणि एकादशी असली म्हणजे मोकळ्या आवाजात सांगतो, "माऊली हो, ज्यांना साखरेची गोळी चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून कडक उपास धरू नये. आणि मध्येच उठावंसं वाटलं तर खुशाल उठा. आमचं कीर्तन मोडत नाही."

परवा सानपाड्यासच पुन्हा सेवा झाली. मावशी आल्या होत्या, त्याच जागी, त्याच हिरव्या लुगड्यात. निरूपणाच्या भरात असताना त्या उठल्या, आमच्याकडे पाहून हात जोडले आणि सावकाश बाहेर गेल्या. एकदा मनात चर्र झाले, हे कबूल करतो. माना मोजण्याची जुनी खोड एका दिवसात जात नाही. मग आम्ही तो चरण तेथेच थांबविला, टाळकऱ्यांना नामाचा गजर धरावयास सांगितला, आणि बाहेर त्यांना कोणी सोबतीला गेले आहे की नाही ते पाहिले. सून बरोबर होती. मग पुढे चाललो.

रामकृष्ण हरी.